मापाला हात लावला नाही

एकोडी, ता. साकोली
५ जानेवारी २०२५

प्रिय प्रफुल्ल,

रामराम.

गिरणीच्या यंत्रांजवळ बावीस वर्षं काढली, त्यात उजवा कान गेला. डाव्यालाही आता फोनवरचं बोलणं धरता येत नाही. म्हणून तुला पुन्हा कागदाचाच त्रास देतो. मी लिहितो आणि माझी लेक राखी फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवते. तूही हातानंच लिहीत जा. तुझं अक्षर पाहिलं की शाळेतल्या तरटावर तू शेजारी बसला आहेस असं वाटतं.

तुझी माय, आमची बायजामाय, बरी आहे. तुझं पत्र आलं की मी तिच्या अंगणात जाऊन वाचून दाखवतो. मला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे जरा मोठ्यानं वाचतो म्हणे. मागच्या वेळी शेजारची कुंताबाई बांधाआडून म्हणाली, "तुह्या पत्राच्या पायी माही भाजी करपली ना बापू." तेव्हा तुझ्या पत्रातलं साऱ्या गल्लीला माहीत असतं, हे ध्यानात ठेव.

आता कामाचं. आमच्या धान कंपनीत एकशे बारा घरं आहेत आणि अध्यक्ष म्हणून मला बसवलं आहे. आपल्याकडचा उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळावरचा निर्यात कर दिवाळीआधी उठला. तू दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतंस, की तुझ्या त्या देशात लोक उकडलेल्या धानाचाच तांदूळ खातात. त्या देशाचं नाव इथं कुणाच्या जिभेवर बसत नाही, आम्ही त्याला 'प्रफुल्लचा देश' म्हणतो. तर तिथला एक घेणारा मिळाला आहे. नागपूरचा भूपेंद्र म्हणून दलाल आहे, त्यानं जुळवून आणलं. दहा कंटेनर तांदूळ जायचा आहे. साऱ्या गावाचं यंदाचं धान त्यात आहे, बायजामायची नऊ पोतीही आहेत.

भीती एकच आहे. भाव त्यांच्या पैशात ठरला आहे आणि नागपूरच्या बाजारात बोललं जातं, की त्यांचं सरकार पैशाची किंमत कमी करणार. तसं झालं तर आमच्या हाती येणारे रुपये तेवढेच कमी होतील. तू तिथं त्यांच्या अर्थखात्यातच सल्लागार म्हणून बसतोस. एवढंच सांग, त्यांचा पैसा पडणार आहे का?

सही संक्रांतीनंतर करायची आहे.

तुझा,
घनश्याम

*

९ जानेवारी २०२५

प्रिय घनश्याम,

जयभीम.

पत्र मिळालं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. इथला पैसा दुसऱ्या एका मोठ्या पैशाला बांधलेला आहे आणि ती गाठ सोडण्याचा हक्क एकट्या या देशाला नाही. दर बदलणार नाही. इथले अर्थमंत्री हे जाहीर सभेत बोलले आहेत, म्हणून मीही लिहू शकतो.

याच्या पलीकडे माझ्या कामाबद्दल विचारू नकोस. मी करांच्या आकडेमोडीचं काम करतो, आणि इथं आत जाताना फोन दारातल्या पेटीत ठेवावा लागतो. आतलं बाहेर सांगणार नाही, अशा कागदावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आहेत.

एक जुनी गोष्ट मात्र दोन दिवस डोक्यात घोळते आहे. तुमच्या घरी धान मोजायचा तो सागवानी कुडो अजून आहे का? आपण पाचवीत होतो त्या सालची सुगी आठव. मजुरीचं माप छोटं होणार अशी हूल उठली होती आणि तुझ्या बाबूजींनी मारुतीपुढे कुडोवर हात ठेवला होता. आपण दोघं पाराखाली उभे होतो. पुढं त्या वर्षी काय झालं, ते मला जसं आठवतं तसंच झालं का, ते आईला विचार. तिच्या बरोबर आठवणीत असेल.

थंडी असेल तिकडे. आईला पायमोजे घालायला सांग.

प्रफुल्ल

*

एकोडी
१३ जानेवारी २०२५

प्रिय प्रफुल्ल,

रामराम.

तुझं पत्र वाचून देवापुढे दिवा लावला. दुपारी सभा घेऊन सगळ्यांना सांगितलं, की पैसा पडत नाही, प्रफुल्लनं स्वतः लिहिलं आहे. आमचा सचिव खुशाल नेहमी शंका काढतो, तोही गप्प झाला. लोकांचा तुझ्या शब्दावर किती भरवसा आहे ते तू इथं असतास तर पाहिलं असतंस.

कुडो आहे. देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलेला असतो. सुगीला अजूनही आम्ही पहिलं माप त्यानंच घालतो आणि 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो. त्या दिवसाची तू आठवण काढलीस म्हणून डोळे भरून आले. शेजारच्या गावात मालकांनी माप बदललं होतं, आपल्या गावच्या बाया घाबरून पाराशी आल्या होत्या, आणि बाबूजी म्हणाले होते, "मापाले हात लावन तर मारुती माहा हात झडवन." त्यांनी मरेपर्यंत माप बदललं नाही. मी आयुष्यात कुठं डळमळलो की तो दिवस आठवतो.

बायजामायला मात्र विचारता आलं नाही. ती संक्रांतीला प्रतिक्षाकडे तुमसरला गेली आहे, लेकीनं ठेवून घेतलं. आठवड्यानं येईल तेव्हा हे आणि तुझं पुढचं पत्र एकदमच वाचीन.

सही वीस तारखेला आहे. करार पंधरा पानांचा आहे, भूपेंद्रनं समजावून सांगितला. शेवटी बारीक अक्षरांत आहे, की माल उतरवण्याचा खर्च आणि तिथला जो काही कर असेल तो विकणाऱ्यानं द्यायचा. तो म्हणतो, तांदळावर तिथं कर नावापुरता आहे, ही ओळ सगळ्याच करारांत असते. भाव चांगला आहे तो त्यामुळेच.

आता काळजी नाही.

घनश्याम

*

१५ जानेवारी २०२५

घनश्याम,

घाईत लिहितो.

आईची नऊ पोती त्यात आहेत असं तू लिहिलंस. तिला करार सांगितलास का? कंपनीची ती सभासद आहे ना? तिला विचारल्याशिवाय तू सही करू नयेस असं मला वाटतं. तुमसर काही लांब नाही. प्रतिक्षाकडे जाऊन तिला माझं आधीचं पत्र पूर्ण वाचून दाखव, आणि मग तुला जे करायचं ते कर.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं. ते खरं आहे. आजही खरं आहे.

मला आता काही दिवस लिहिता येणार नाही.

प्रफुल्ल

*

एकोडी
१८ जानेवारी २०२५

प्रफुल्ल,

रामराम.

तुझं पत्र आलं तेव्हा मला राग आला, हे आधी लिहितो. वाटलं, मी तुझ्या आईची पोती तिला न विचारता विकतो आहे असं तुला म्हणायचं आहे. आमच्या घराण्यानं तुमच्या घराण्याला कधी फसवलं, असं विचारणारं अर्धं पान लिहून झालं होतं. ते फाडलं, कारण रागात लिहिलेलं राखीच्या हाती द्यायला लाज वाटली.

काल एसटीनं तुमसरला गेलो. बायजामाय प्रतिक्षाच्या दारात ऊन खात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी तुझं नऊ तारखेचं पत्र काढलं आणि वाचायला लागलो. दर बदलणार नाही, इथपर्यंत ती नुसती मान हलवत होती. कुडोची गोष्ट आली तेव्हा सूप थांबलं. मी वाचून झाल्यावर म्हणालो, की त्या दिवशी बाबूजींनी शब्द दिला आणि पाळला, तेवढंच प्रफुल्लला आठवायचं असेल.

तिनं मला जवळ बसायला खुणावलं. कानाशी तोंड आणून बोलली. तिचे शब्द मी बसमध्येच कागदावर उतरवून घेतले, ते तसेच देतो.

"माप तेच होतं बापू. तुह्या बापानं मापाले हात नाई लावला, हे खरं हाये. पण मीठ, मिरची, तेल आमी तुमच्याच दुकानातून धानावर घ्यायचो ना? आंधी जे कुडोभर धानात येत जाये, त्याले त्या सालापासून सव्वा कुडो लागे. बाहेरून गावात जे जे येते त्याच्यावर पाव चढवला. आन जो आपलं धान तुह्या बापाच्या बैलबंडीवर बाहेर विकाले धाडे, त्याले पाव परत. आमच्यापाशी बाहेर धाडाले होतं काय? कुडो भरून मजुरी भेटे, आन घरी पोचेपर्यंत तो कुडो पाऊन होऊन जाये."

मी विचारलं, तुम्ही तेव्हा बोलल्या काहून नाही. ती हसली.

"का बोलाव? 'माप बदललं का?' म्हणून आमीच इचारलं होतं. तो म्हणे, नाई. सवालच चुकला होता आमचा."

मग ती पुन्हा डाळ पाखडायला लागली.  थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "प्रफुल्लले तू काय इचारलं होतं?"

मी सांगितलं, पैसा पडणार का असं विचारलं होतं.

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. 

परतीच्या बसमध्ये मी कराराच्या शेवटच्या पानावरची, तिथला कर विकणाऱ्यानं द्यायचा ती ओळ चार वेळा वाचली. तुला आता मी काहीच विचारत नाही. तूही लिहू नकोस. परवा भूपेंद्र येणार आहे.

घनश्याम

*

एकोडी
२२ जानेवारी २०२५

प्रिय प्रफुल्ल,

याला उत्तर नको. इथं काय झालं ते तुला कळावं म्हणून लिहितो.

भूपेंद्र आला. मी म्हणालो, एक ओळ बदलायची आहे. आजच्या तारखेला तिथं जो कर आहे तेवढा आम्ही देऊ, त्यानंतर वाढलेला घेणाऱ्यानं द्यायचा. तो म्हणाला, मग भाव उतरेल. मी म्हणालो, उतरू दे. त्यानं बाहेर जाऊन दोन तास फोन केले. क्विंटलमागे ऐंशी रुपये कमी करून ते तयार झाले.

सभेत गोंधळ झाला. खुशाल उभा राहून म्हणाला, "आठ दिवसाआंधी तूच सांगतलं ना पैसा पडत नाई म्हणून? मंग हे ऐंशी रुपये कायच्या भेवानं सोडून राहिला?" त्याचं खरं होतं. माझ्यापाशी दाखवायला काही नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की हा बदल चुकीचा ठरला तर मी अध्यक्षपद सोडीन आणि माझ्या वाट्याचं धान सगळ्यांत वाटीन. काही जण उठून गेले. सही झाली ती सातच मतांच्या फरकानं.

पण खरी वेळ नंतर आली. भूपेंद्रनं जाताना मला बाजूला घेतलं. त्याला ठाऊक आहे की तू कुठं बसतोस, सभेत मीच बढाई मारली होती. तो म्हणाला, "काका, सच सांगा, तुमाले आतली खबर कोणी दिली?"

प्रफुल्ल, मी सकाळी अंघोळ करून मारुतीला पाणी घालतो. खोटं बोलत नाही असं नाही, पण बोललो तर दिवसभर जेवण जात नाही. मी म्हणालो, "बायजाबाईनं सांगितलं. निंदणाला जाते ती." तो हसला आणि गाडीत बसला.

ते खरंच होतं. तरी जेवण गेलं नाही.

कंटेनर फेब्रुवारीच्या पहिल्या हप्त्यात विशाखापट्टणमहून निघतील.

घनश्याम

*

एकोडी
२६ फेब्रुवारी २०२५

प्रफुल्ल,

महिनाभर तुझा कागद नाही. आज भूपेंद्रचा राखीला फोन आला. तुझ्या देशानं पैशाला हात लावला नाही म्हणे, पण परवापासून बाहेरून येणाऱ्या साऱ्या मालावर शेकडा वीस कर बसवला आहे. आपला तांदूळ अजून समुद्रात आहे. ती ओळ बदलली नसती तर पाचवा हिस्सा तिथंच गेला असता. खुशाल घरी येऊन चहा पिऊन गेला. लोक मला हार घालायचं म्हणतात, मी नको म्हटलं.

भूपेंद्र राखीला हेही म्हणाला, की घेणाऱ्यानं तिथल्या सरकारकडे तक्रार केली आहे, खबर फुटली म्हणून. मला झोप नाही. तू कसा आहेस एवढं तरी कळव.

घनश्याम

*

४ मार्च २०२५

प्रिय घनश्याम,

जयभीम.

मी ठीक आहे. नोकरी अजून आहे. चौकशी झाली. तीन माणसांनी मला एका खोलीत बसवून तुझ्या-माझ्या पत्रांचं भाषांतर करवून घेतलं. भाषांतर करणारा माणूस इथल्याच एका दुकानातला मराठी मुनीम होता, त्याला 'कुडो' समजेना, मीच समजावून सांगितला. त्यांनी विचारलं, कराबद्दल तुम्ही कुणाला काही कळवलंत का? मी म्हणालो, नाही. माझ्या पत्रांत तसं एक अक्षर नव्हतं. त्यांनी मला सोडलं.

घेणाऱ्याची तक्रारही संपली. त्यानं माल बंदरात यायच्या आधीच भाव चढवून विकून टाकला, त्याचं फार काही गेलं नाही.

आता जे जाहीर झालं ते लिहायला हरकत नाही. इथल्या सरकारला आपला पैसा स्वस्त करायचा होता, म्हणजे इथला माल बाहेर स्वस्त पडून जास्त विकला गेला असता आणि बाहेरचा महाग होऊन कमी आला असता. पण दराची गाठ सुटत नाही. मग तेच काम करांनी केलं. येणाऱ्या मालावर शेकडा वीस चढवले, जाणाऱ्या मालाला शेकडा वीस परत. नोटेवरचा आकडा तोच राहिला. वर्षभर मी या वीस टक्क्यांचाच हिशेब करत होतो, आणि पहिल्या दिवशीच मला तुझ्या बाबूजींचं दुकान आठवलं होतं.

आता जे लिहायला जड जातं ते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी 'दर बदलणार नाही' हे वाक्य लिहिलं, आणि ते लिहून झाल्यावर क्षणभर मला बरं वाटलं. घनश्याम, तू अगदी आईसारखाच प्रश्न विचारला होतास आणि मी तुझ्या बाबूजींचं उत्तर तुला दिलं होतं. चाळीस वर्षांनी. तिथंच पत्र संपवावं असं मनात आलं होतं. पेनचं टोपणही लावलं होतं. मग नऊ पोत्यांची आठवण झाली, आणि तू ते मोठ्यानं वाचशील हे आठवलं. तेव्हा टोपण काढून पुढचं लिहिलं.

ते आईच्या धानासाठी लिहिलं की तुझ्यासाठी, हे मला आजही सांगता येत नाही. तुला खोटं लिहीत नाही म्हणून एवढंच.

हे पत्रही आईला वाचून दाखव. सगळं.

प्रफुल्ल

*

एकोडी
११ मार्च २०२५

प्रिय प्रफुल्ल,

रामराम आणि जयभीम.

तुझं पत्र मी आधी एकट्यानं शेतावर वाचलं. तुला बरं वाटलं होतं, त्या ओळीपाशी बराच वेळ बसलो. राग यावा म्हणून वाट पाहिली, आला नाही. ते दुकान माझ्याही पोटात गेलं आहे. माझी शाळेची फी, माझ्या लग्नातला मांडव, सगळं त्या पाव कुडोतून आलं असेल. बाबूजी फसवत होते असं मला आजही म्हणवत नाही. मला वाटतं, आपण शब्द पाळला याच समाधानात ते गेले. तेच जास्त भीतीदायक वाटतं. मारुतीपुढे उभा राहिलो की आता मी काय बोललो याच्याआधी मला काय विचारलं गेलं होतं, ते आठवून पाहतो.

संध्याकाळी कोनाड्यातला कुडो घेऊन बायजामायकडे गेलो. ती गावी परत आली आहे. तो तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, हा आता तुमच्या घरी राहू द्या. तिनं तो हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे परत सरकवला. म्हणाली, "मापात काई खोट नव्हती बापू. ने तुह्या घरी."

मग पत्र वाचलं. सगळं वाचलं, तू सांगितलंस तसं. कुंताबाई बांधाशी येऊन उभी होती, ती तुझ्या त्या ओळीला निघून गेली. बायजामायनं ती ओळ ऐकून डोळे मिटले, पण मला थांबवलं नाही. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर मला वाटलं, ती तुझ्याबद्दल काही बोलेल, नाहीतर माझ्या बाबूजींबद्दल. आपली नऊ पोती वाचली याचं तरी नाव काढेल.

तिनं विचारलं, तो तांदूळ तिथं कोण खाते. मी म्हणालो, बंदरावर काम करणारे, बाजारात बसणाऱ्या बाया, सगळेच. त्यांची मजुरी वाढली का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, नोट तीच आहे, तेवढीच मिळते.

 मग कानाशी येऊन म्हणाली, "आपल्याले तर माह्या पोरानं सांगतलं. तिथल्या बायायले कोणी सांगतलं का?"

 याचं उत्तर तुझ्यापाशी असेल तर लिही. मी तिच्या अंगणात बसून मोठ्यानं वाचीन.

तुझा,
घनश्याम